घरातल्या वल्ली आणि बाजेवरच्या गोष्टी

धुऱ्यावरचा

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळून राहिला आहे, म्हणून हा धागा.

आमच्याकडं (यवतमाळ जिल्हा, कापसाचं गाव) उन्हाळ्यात अंगणात पाणी शिंपून बाजा टाकल्या की गोष्टी सुरू होत. भुताच्या गोष्टी पोरांसाठी, त्या लवकर संपत. मोठ्यांच्या गोष्टी मात्र घरातल्याच माणसांच्या. त्यांत घडत काही नाही. कोणाला खजिना सापडत नाही, कोणी पळून जात नाही. कोणी काका किंवा आत्या काहीतरी तऱ्हेवाईक वागते आणि वागतच राहते, एवढंच. शेवट सगळ्यांना पाठ. तरी सांगणारा वाक्याच्या अर्ध्यावर थांबला की सगळ्या बाजांवरून एकदम हसू फुटायचं. हे एवढं काऊन आवडते आपल्याला?

नमुना म्हणून आमच्या घरचीच सांगतो.

मोठेबाबा आणि काकाजी यांचं धुऱ्यावरच्या बाभळीवरून वाजलं. बाभूळ कोणाच्या हिश्श्यात, एवढाच मुद्दा. बोलणं बंद झालं. पण वाटणी झाली होती ती फक्त वावराची. चूल एक, बैलजोडी एक, पाण्याची मोटर एक. बोलल्याशिवाय शेती व्हायची कशी? तर दोघंही सर्ज्याशी बोलायला लागले. सर्ज्या म्हणजे बैल.

“सर्ज्या, याले सांग, उद्या तुरीवर फवारा मारा लागते.”

“सर्ज्या, त्याले सांग, पंप त्याच्याच खोलीत हाय. मी का खिशात घेऊन फिरतो?”

सर्ज्या रवंथ करत उभा. वावरातलं भागलं, पण रात्री जेवताना काय? पंगतीत बैल आणता येत नाही. मग आजीनं एक वासरू सपरीच्या खांबाला बांधायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी, दिवाबत्ती झाली की वासरू खांबाला. ना कोणाला समजावलं, ना कोणावर रागावली. पाहुणे आले आणि त्यांतला एखादा भला माणूस म्हणाला, “वासरू ओरडून राह्यलं, गायीजवळ सोडू का?” तर आजी भाकरी थापता थापता म्हणायची, “थांबा, त्याइचं बोलनं चालू हाय.”

पुढं बैलजोडी विकली, ट्रॅक्टर आला. काकाजी ट्रॅक्टरशीही बोलत, पण इंजिन चालू असेल तरच. बंद असलं की म्हणत, “झोपला असन.”

आता माझं म्हणणं असं की या गोष्टीत मला काकाजींचं हसू येत नाही. भांडकुदळ भाऊ घरोघरी आहेत. हसू येतं ते आजीनं वासरू बांधलं त्याचं, आणि “त्याइचं बोलनं चालू हाय” हे तिनं जेवायला वाढल्याच्या सुरात म्हटलं त्याचं. विक्षिप्त माणूस एकटा असला तर तो नुसता विक्षिप्त. त्याच्याभोवती घरानं जी निमूट व्यवस्था लावलेली असते, तिच्यात खरी गंमत आहे. तुम्हाला काय वाटते? आणि असं काही कागदावर उतरवलं तर ते जगते का तिथंच मरते?

तर्री कमी

“झोपला असन”!! ऑफिसात वाचला धागा, बाजूचा पाहून राहिला माझ्याकडे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

मूर्तिजापूर जंक्शन

भाऊ, तुमचं एकदम पटलं. माह्या मामाजीची सांगतो.

मामाजीचं गाव कारंजा अन् दारव्ह्याच्या मधात. शकुंतला जात होती तिथून, मूर्तिजापूर ते यवतमाळ. नॅरोगेज गाडी, १९९४ पावतर कोयशाचं इंजिन. मामाजीले घड्याळावर भरवसा नव्हता. घड्याळ कोनीबी मांगंपुढं करू शकते म्हने, गाडी कोन करन? म्हनून मामाजी गाडीच्या भोंग्यावर जेवत. भोंगा वाजला की पाटावर. अन् शकुंतला कशी गाडी होती हे ज्यानं पाह्यलं त्यालेच ठाऊक. ढोर आडवं आलं थांबली, कोनी हात दाखोला थांबली. मंग सारं घर उपाशी! मामी ताटं वाढून बसली हाय, पोट्टे रडून राह्यले, अन् मामाजी शांत. “गाडी लेट हाय,” म्हने. जसं काई आमी सारे टेसनावर बसलो.

मामीनं काय केलं, पोट्ट्यायले “गाडीच्या आंधीचं” म्हनून एक येगळं जेवन सुरू केलं. फल्ली-गूळ, नाईतर सकायची भाकर अन् चून. हे आमच्या घरात अजूनबी चालते, नाव तेच.

मंग गाडी कायमची बंद झाली. आमी म्हटलं आता मामाजीचं कसं? तं मामीनं कुकर घेतला. आता तिसऱ्या शिट्टीले मामाजी म्हनते, “सुटली दारव्ह्याहून,” अन् हात धुवाले उठते.

कुकर काऊन घेतला असं मामीले इचारलं तं ती म्हने, “डाळ शिजत नव्हती.”

कोथरूडकर

सुंदर. “डाळ शिजत नव्हती” याला तोड नाही.

पण एक शंका. ही गंमत विदर्भाचीच खास आहे का? कोकणातला तिरकस म्हातारा, देशावरचा इरसाल पाटील, हे आम्ही शाळेपासून वाचत आलो. शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर यांच्या कथाकथनानं तर गावाकडच्या माणसाचं हसू शहरातल्या नाट्यगृहांत नेलं. विदर्भातलं असं काही माझ्या कानावर का आलं नसेल? कमी होतं, की आम्ही ऐकलं नाही?

बोरू

कोथरूडकर, प्रश्न चांगला आहे. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, तेव्हा थोडं लांबेल.

कमी नव्हतं. मराठी विनोदी लेखनाचे आद्य पुरुष म्हणून ज्यांचं नाव घेतात ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १८७१ साली नागपुरात जन्मले आणि खामगाव, जळगाव जामोद अशा गावांत वकिली करत राहिले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्यांचं त्रिकूट अशाच लहान गावच्या वकिलाच्या टेबलावर जन्माला आलं. त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी १९१९ मध्ये वारले ते सावनेरला, नागपूर जिल्ह्यात. म्हणजे मराठी विनोदाच्या पहिल्या दोन पिढ्यांचा विदर्भाशी असा संबंध आहे. पण त्यांची भाषा पाहा. ती पूर्ण प्रमाण, कोटीबाज, संस्कृत वळणाची. कचेरीतला विनोद तिथं आहे. बाहेर बैलबंडी सोडून बसलेला पक्षकार ज्या बोलीत हसत होता ती बोली त्यात नाही.

ती बोली छापील साहित्यात ठसठशीत आली ती उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये, १९६० साली. आणि आली ती हालअपेष्टा घेऊन. माझं मत असं की वऱ्हाडीला पुस्तकात दुःखाची भाषा म्हणून मान मिळाला आणि हसू मात्र बाजेवरच राहून गेलं. त्यात पुढं शेतकऱ्याच्या आत्महत्या हीच विदर्भाची बातमी झाली. आमच्या भागातला माणूस हसतानाचा फोटो तुमच्या वर्तमानपत्रात शेवटचा कधी पाहिलात?

तोंडी परंपरा मात्र जबरदस्त. गाडगेबाबांचं कीर्तन घ्या. शेणगावचा हा माणूस वऱ्हाडीत उभा राहून हजारोंना प्रश्न विचारायचा, लोक उत्तर द्यायचे आणि आपल्याच उत्तरात अडकून हसायचे. कर्ज काढून लग्न करणारा बाप, नवस फेडायला बकरं कापणारा भाविक, ही सगळी घरातलीच माणसं. बाबा त्यांना समोर बसवून, त्यांच्याच तोंडून त्यांची फजिती वदवून घेत. किंवा पोळ्याच्या झडत्या घ्या. तोरणाखाली बैल उभे, आणि एकेक जण पुढं येऊन पाटलापासून कापसाच्या भावापर्यंत सगळ्यांची यमकात हजेरी घेतो, शेवटी सगळ्यांनी मिळून ‘हर बोला हर हर महादेव’. ज्याची उडवली तोही ओरडतो, कारण महादेवाला नाही कसं म्हणणार?

वडसा एक्सप्रेस

बोरू सर, सगळं मान्य, पण विदर्भ म्हणजे वऱ्हाडच असं धरून चालू नका. पूर्वेकडं आमी पण आहोत! भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. दिवाळी झाली की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा, मंडईत दंडार, खडी गंमत असे लोकनाट्याचे खेळ, आणि मग झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या याच भागाची, नाटकं. वडसा हे त्याचं केंद्र. रात्रभर नाटक, उजाडेपर्यंत. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाकी महाराष्ट्राला कळलं की असं काही आहे.

झाडीपट्टीत नाटक कितीही रडकं असो, विनोदी पात्र लागतेच. त्याच्याशिवाय कंपनीला कोणी बोलावणार नाही.

आता आमच्या आबाजींची ऐका. आबाजी नाटकाला चादर घेऊन जात, पहिल्या रांगेत झोपत. विनोदी नट आला की आपोआप जाग. तो गेला की परत घोरणं. सकाळी घरी आले की आजी आणि काकू विचारायच्या, नाटक काय होतं? आबाजी सगळं सांगत. म्हणजे त्यांनी पाहिलेलं सगळं. त्यामुळं ज्या नाटकात आई जाते, भाऊ भावाचा खून करतो, बहीण वेडी होते, ते नाटक आमच्या घरात एका नोकराची आणि त्याच्या हरवलेल्या धोतराची गोष्ट म्हणून प्रसिद्ध आहे. आजी ती गोष्ट दुसऱ्या गावच्या बायांना सांगायची. त्यांनी ते नाटक पाहिलं, मंडपात सगळे डोळे पुसत आहेत आणि या बाया धोतराची वाट पाहत आहेत.

तर्री कमी

धोतर सापडलं का शेवटी?

वडसा एक्सप्रेस

आबाजी तेव्हा झोपले होते.

निंबाची सावली

मजा येतेय, पण मला एक टोचलं ते बोलते.

आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टींत तऱ्हेवाईक कोण? काकाजी, मामाजी, आबाजी. आणि व्यवस्था लावणारं कोण? आजी, मामी. धुऱ्यावरचा म्हणतात की गंमत घरानं लावलेल्या व्यवस्थेत आहे. पण “घरानं” म्हणजे कोणी, ते पण बोला ना. वासरू रोज संध्याकाळी आणून बांधायचं, त्याचं शेण काढायचं, दोन पुरुषांचा रुसवा सांभाळत वीस भाकरी थापायच्या, हे सगळं एका बाईच्या अंगावर. ती आजी स्वतः बैलाशी बोलली असती तर? दुसऱ्याच दिवशी तिला कोणा बाबाकडं झाडफूक करायला नेलं असतं. पुरुष वेगळा वागला तर वल्ली, बाई वागली तर अंगात आलं.

आणि तऱ्हेवाईक बायका नव्हत्या असं नाही. आमच्या आत्याबाई घ्या. लग्नात आलेल्या आहेराची वही सगळ्यांच्याच घरी असते, कोणी काय दिलं ते लिहून ठेवायला, म्हणजे परतफेड करता येते. आत्याबाई वहीत शेरे लिहीत. चौथीपर्यंत शिकलेल्या, अक्षर मोत्यासारखं. “स्टीलचा डबा. झाकण बसत नाही.” “लुगडं. दुकानातून आलं नाही, पेटीतून आलं.” घरच्याच नाही, ज्या ज्या लग्नाला गेल्या त्या प्रत्येकाचा हिशेब. वरण कसं होतं, मांडवात पंखे होते का, नवरदेवाच्या मामानं किती वेळा पान मागितलं.

घरात सगळे हसत. फुवाजी म्हणत, “इले कलेक्टर कराले पायजे होतं.” पण सोयरीक जुळवायची वेळ आली की तेच फुवाजी हळूच म्हणत, “त्या घरचं वहीत काय हाय, पाह्य बरं.” दोन स्थळं त्या वहीवर नाकारली गेली, माझ्या माहितीत.

मग तिला वल्ली म्हणायचं की घरातली सगळ्यात शहाणी बाई? मला वाटते बाजेवरच्या गोष्टीत तिची गोष्ट कधी आली नाही, कारण पुरुषांच्या बाजेजवळ तिची बाज नव्हती. बायका आत माजघरात, पंख्याखाली. तिथं वेगळ्या गोष्टी चालत, आणि त्या अंगणातल्यापेक्षा पाच पट तिखट होत्या, हे पण सांगून ठेवते.

बोरू

निंबाची सावली, दंडवत. वही अजून आहे का?

निंबाची सावली

आहे. माझ्याकडंच आहे.

पोट्टा अकोल्याचा

सगळे काका-काकू लोक बोलून राहिले, मी पण बोलतो. आता वऱ्हाडीत कॉमेडी रील सगळीकडं आहेत. मीपण बनवतो. लाखांत व्ह्यू जातात कधीकधी. पण खरं सांगतो, आजीची गोष्ट रीलमध्ये बसत नाही. आजी सुरू करते, “त्या अमक्याचा पोट्टा,” मग कोणता अमका, तर “तो नाही का, ज्याची बहीण अंजनगावला दिली,” मग अंजनगावच्यांचा पानमळा, मग पानमळ्यावरचं भांडण, मग त्या भांडणात जो मार खाल्ला तो कोण, तर तोच अमका. तेवढ्यात अर्धा तास. मी रील करताना हे सगळं कापतो आणि नुसता पंच ठेवतो. लोक हसतात. आजीला दाखवलं तर ती म्हणाली, “मंग? गोष्ट कवा सुरू होते?”

आणि एक. टीव्हीवर वऱ्हाडी बोलणारा म्हणजे वॉचमन नाहीतर नोकर. तो बोलला की मागून हसण्याचा आवाज टाकतात, तो काय बोलला याचा काही संबंध नाही. रीलमध्ये निदान आमचा माणूस मुख्य भूमिकेत आहे, हे माझ्या बाजूनं लिहून घ्या.

तर्री कमी

अवांतर: बाजेवरच्या गोष्टी झाल्या की रोडग्याचा बेत कोणाकडं असायचा? गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वरून तूप. इकडं पुण्यात गोवऱ्या मिळतात, पण सोसायटीवाले पेटवू देत नाहीत.

मूर्तिजापूर जंक्शन

अवांतराले अवांतर: गच्चीवर पेटवा अन् पूजा हाय म्हना.

खारं पाणी

रोज वाचून राहिलो, लिहू की नाही ठरत नव्हतं.

मी दर्यापूरकडचा. आमचा सगळा खारपाण पट्टा, पूर्णेच्या खोऱ्यातला. जमीन काळी, चांगली, पण खोदलं की पाणी खारं. हे लहान पोरालाही माहीत. माझ्या बाबाला मात्र खात्री होती की खाऱ्याच्या खाली एक गोडा झरा आहे आणि तो आमच्याच वावरात आहे. तळहातावर नारळ ठेवून उन्हातान्हात फिरत. नारळ उभा राहिला की तिथं काठी रोवत. गावातली पोरं काठ्या उपटून दुसरीकडं लावत.

शेवटी विहीर खणली. पाणी लागलं, भरपूर लागलं. बाबानं नारळ फोडला, पेढे वाटले आणि सरपंचाच्या हातात पहिला पेला दिला. सरपंचानं घोट घेतला, आणि बाबाचं तोंड पाहून गिळला. “कसं हाय?” तर सरपंच म्हणाला, “भरपूर हाय.”

गावात ही गोष्ट सांगतात तेव्हा हशा पिकतो. लग्नात, पारावर, सगळीकडं. “भरपूर हाय” ही आमच्या गावात म्हणच झाली. जावयाचं स्थळ कसं आहे? भरपूर आहे.

पण त्या विहिरीत माझ्या मायच्या गळ्यातली पोत गेली. माझ्या मोठ्या बहिणीचं कॉलेज गेलं. गोष्टीत ते नसते. मी शाळेत असताना पोट्टे मला “भरपूर” म्हणून हाक मारत. म्हणून मला या धाग्यावर सगळे हसत असताना थोडं हसता येते, थोडं नाही. वल्लीच्या गोष्टी पाहुण्यासाठी आहेत. पाहुणा रात्री ऐकतो, सकाळच्या एसटीनं जातो.

धुऱ्यावरचा

खारं पाणी, वाचून गप्प बसलो होतो. एक विचारू का? तुमची माय ही गोष्ट सांगते का कधी?

खारं पाणी

सांगते. आणि खरं म्हणाल तर तिच्याइतकी चांगली गावात कोणी सांगत नाही.

ती सरपंचावर थांबत नाही. ती सांगते की रात्री बाबा विहिरीच्या काठावर जाऊन बसले. ही कंदील घेऊन गेली. बाबा बोलेनात. तर हिनं त्याच पाण्यात डाळ शिजवून आणली होती. बाबा जेवले. ही म्हणाली, “पाहा, मिठाचा खर्च वाचला.” आता ज्याची जमीन खारपाणातली त्याला माहीत आहे की त्या पाण्यात डाळ धड शिजत पण नाही. म्हणजे ती कच्ची डाळ होती आणि दोघांनी खाल्ली.

हे ती सांगते तेव्हा आम्ही सगळे हसतो. मीपण. बाबा पण हसत होते, जिवंत होते तोवर. पारावर ऐकलं की मात्र मी उठून जातो. गोष्ट एकच आहे. का असं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

निंबाची सावली

सांगता आलं की. पारावरचा सांगतो तेव्हा त्याचं काही गेलेलं नसते. मायचं गेलं आहे. तिच्या गोष्टीत पोत न बोलता पण आहे.

बोरू

आणि तिच्या गोष्टीत बाबा जेवतात. पारावरच्या गोष्टीत ते पेला हातात घेऊन उभेच राहतात. तऱ्हेवाईक माणसाची गोष्ट सांगणाऱ्यानं त्याला घरी परत आणलं पाहिजे, मला तरी हाच फरक वाटतो. टीव्हीवरचा वॉचमन कधी घरी जात नाही.

धुऱ्यावरचा, तुम्ही कागदावर उतरवण्याचं विचारलं होतं. शिक्षकी सवयीनं सांगतो, राग मानू नका. तुम्ही ज्या मराठीत विचार करता तिच्यात निवेदन लिहा, ओढूनताणून सगळंच वऱ्हाडी करू नका. माणसांचं बोलणं मात्र जसंच्या तसं ठेवा आणि त्याचे अर्थ खाली देत बसू नका. ज्याला ‘सपरी’ कळत नाही त्याला वासरू बांधलेलं पाहून कळेल. हसण्याच्या जागा दाखवू नका. “गंमत म्हणजे” हे दोन शब्द तर लेखणीतून काढूनच टाका. आणि काकाजी हयात असतील तर छापायच्या आधी त्यांना वाचून दाखवा.

धुऱ्यावरचा

सर, काकाजी आहेत. मोठेबाबा गेले. मागच्या रविवारी गावी गेलो होतो, धाग्यातलं फोनवरून वाचून दाखवलं. काकाजी सगळं ऐकत होते, तोंडावरची माशी हलत नव्हती. संपल्यावर म्हणाले, “एक चुकलं.”

मला वाटलं, झालं, आता बाभूळ निघते.

म्हणाले, “मी ‘त्याले सांग’ असं कधी म्हटलं नाई. ‘त्यायले सांग’ म्हनत होतो. मोठा भाऊ होय तो.”

म्हणजे एवढी वर्षं बैलामार्फत शिव्या गेल्या, पण आदरार्थी. दुरुस्ती करून घेतली आहे.

पोट्टा अकोल्याचा

काका, याचं रील करू द्या ना. पूर्ण करतो, काही कापत नाही. चार भागांत टाकतो.

धुऱ्यावरचा

कर. वासरू पण घे, आजीशिवाय करू नको. निंबाची सावली मला सोडणार नाहीत.

कोथरूडकर

मी प्रश्न विचारला होता की विदर्भातलं कानावर का आलं नाही. उत्तर मिळालं. आता विनंती आहे की वहीतलं थोडं इथं टाका. नावं गाळून.

निंबाची सावली

नावं, गावं गाळून, थोडंसंच. शेरे आत्याबाईंचे, जसेच्या तसे. (गंज म्हणजे आमच्याकडं पातेलं.)

“स्टीलचा गंज. आपलाच. आपण दिलेला तोच वापस आला, बुडाला उजवीकडं पोचा.”

“साडी. मोरपंखी सांगतली. उजेडात पाह्यली, निळी.”

“पाकीट. वर एक्कावन्न लिहिलं, आत एकवीस. लिहिणारा येगळा असन. मानूस चांगला हाय.”

“वरण पातळ. नवरदेव बरा. मामा बोलका. पोरगी द्यायला हरकत नाई, पण जेवून पाठवा.”

“आहेर नाई. घरची परिस्थिती पाह्यली. मीच पाच रुपये देऊन आली, लिहू नये पण लिहिलं.”

तर्री कमी

तो गंज कुठं आहे आता?

निंबाची सावली

माझ्या लग्नात आत्याबाईंनी मला दिला. दूध तापवते त्यात, पोचा उजवीकडंच आहे. पुढच्या महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. अजून ठरलं नाही, पण काल घासून ठेवला.